परवाना आणि पायवाट

इसवी सन 1572 मध्ये, म्हणजे एलिझाबेथ राणीच्या कारकीर्दीच्या चौदाव्या वर्षी, इंग्लंडच्या पार्लमेंटने भटक्यांच्या बंदोबस्ताचा जो कायदा संमत केला, त्यात बदमाश आणि भटके कोणास म्हणावे याची एक लांबलचक जंत्री दिलेली आहे. अस्वले खेळविणारे, पट्ट्याचे हात दाखविणारे, हातचलाखी करणारे, फुटकी भांडी सांधीत गावोगाव हिंडणारे आणि पाठीवरच्या गाठोड्यातून किरकोळ जिन्नस विकणारे अशा सर्वांची नावे तीत आहेत. आणि याच पंक्तीत, कसलाही संकोच न बाळगता, नाटके करणारे नट आणि ‘मिन्स्ट्रेल’, म्हणजे गाऊन-वाजवून पोट भरणारे फिरस्ते कलावंत, यांनाही बसविलेले आहे. पहिल्या अपराधास शिक्षा अशी, की अपराध्यास सपाटून फटके मारावेत आणि एक इंच घेराच्या तापविलेल्या लोखंडाने त्याच्या उजव्या कानाची कूर्चा आरपार जाळावी. कोणी अब्रूदार गृहस्थ त्याला वर्षभर चाकरीस ठेवून घेण्यास राजी असेल तरच ही शिक्षा टळे. दुसऱ्यांदा सापडल्यास तो घोर गुन्हा ठरे, आणि तिसऱ्यांदा सापडल्यास देहान्त.

हा कायदा संगीताच्या द्वेषातून निघाला असे मात्र कोणी समजू नये. ज्या राणीच्या शिक्कामोर्तबाने तो अमलात आला ती स्वतः व्हर्जिनल हे वाद्य उत्तम वाजवीत असे, आणि तिच्या राजवटीचा काळ इंग्रजी संगीताच्या इतिहासात सुवर्णकाळ म्हणून गणला जातो. कायद्याची वक्रदृष्टी गाण्यावर नव्हती. ती गाणाऱ्याच्या पायांवर होती. राणीच्या पित्याने 1536 ते 1540 या चार वर्षांत मठ खालसा केल्यामुळे गरिबांना अन्न आणि वाटसरूंना आसरा देणारी जुनी ठिकाणे नाहीशी झाली होती. पुष्कळ ठिकाणी नांगरटीची शेते मोडून मेंढ्यांची कुरणे झाली होती. महागाई वाढत होती, आणि मोहिमांतून मोकळे केलेले शिपाई रस्त्यारस्त्याने हिंडत होते. अशा वेळी ज्याला धनी नाही आणि ज्याचे गाव ठाऊक नाही, तो प्रत्येक मनुष्य राज्यकर्त्यांना संशयास्पद वाटू लागला, आणि त्यातही जो एका गावची बातमी दुसऱ्या गावी, शिवाय चालीवर बसवून नेतो, तो अधिकच. म्हणूनच कायद्याने सूट ठेविली ती दोन प्रकारच्या कलावंतांना: ज्यांच्या अंगावर एखाद्या सरदाराचा पोशाख आहे त्यांना, आणि ज्यांच्या खिशात दोन न्यायाधीशांच्या सहीचा परवाना आहे त्यांना. तेच गाणे, तेच वाद्य आणि तोच रस्ता असूनही एकाला सरदाराच्या वाड्यात जेवण मिळे आणि दुसऱ्याला चाबूक. इंग्लंडच्या ग्रामीण भागात पायी फिरणाऱ्या वादकांचा पुढील चारशे वर्षांचा इतिहास पाहू लागले म्हणजे हा भेद नाना रूपांनी पुन्हा पुन्हा समोर येतो. आणि ज्याला चालणे भाग होते त्याला अपराधी ठरविणाऱ्या समाजानेच, चालण्याची गरज संपल्यावर हौसेने चालणाऱ्याला कलावंत म्हणून कसे मिरविले, हे पाहणे मोठे उद्बोधक आहे.

या कायद्याला एक चमत्कारिक अपवाद होता, आणि तो आपल्याकडील वतनदारीच्या परंपरेत वाढलेल्या वाचकाला चटकन समजण्याजोगा आहे. चेशायर परगण्यातील डटन नावाच्या घराण्याकडे त्या मुलखातील सर्व मिन्स्ट्रेलांवर हुकमत चालविण्याचा वंशपरंपरागत हक्क होता. आख्यायिका अशी, की चेस्टरचा अर्ल वेल्शांच्या वेढ्यात सापडला असता त्याच्या सरदाराने चेस्टरच्या जत्रेत जमलेले गाणारे, वाजविणारे आणि इतर रिकामटेकडे लोक गोळा करून मोठ्या गजरात कूच केले, आणि तो जमाव दुरून पाहूनच शत्रू पळाला. या कामगिरीबद्दल मिळालेला हक्क पुढे डटनांकडे आला. आख्यायिकेतील खरेखोटे कसेही असो, दरसाल उन्हाळ्यात सेंट जॉनच्या दिवशी चेस्टर येथे या घराण्याची कचेरी भरे, मुलखातील वादक वाद्ये घेऊन हजर होत, मद्याचा नजराणा व माणशी साडेचार पेन्स भरीत, आणि वर्षभर हिंडण्याचा परवाना घेऊन जात. 1597 साली भटक्यांविरुद्धचा कायदा नव्याने करण्यात आला तेव्हा या वतनाला धक्का लागू नये म्हणून त्यात खास कलम घालण्यात आले. अखेरची कचेरी 1756 मध्ये भरली, असे सांगतात. म्हणजे इंग्लंडच्या एका कोपऱ्यात, साऱ्या देशात जो गुन्हा होता तो, साडेचार पेन्स भरले की धंदा होत असे.

या काळातील सर्वांत गाजलेली पायी सफर मात्र कोणा अनामिक मिन्स्ट्रेलाची नव्हे, तर विल्यम केम्प या विनोदी नटाची आहे. केम्प हा शेक्सपियरच्याच नाटकमंडळीतील भागीदार, प्रेक्षकांचा अत्यंत लाडका; परंतु 1599 मध्ये काही कारणाने मंडळी सोडून तो बाहेर पडला, आणि पुढील वर्षाच्या आरंभी, ऐन कडाक्याच्या थंडीत, त्याने लंडनपासून नॉर्विचपर्यंतचे शंभराहून अधिक मैलांचे अंतर मॉरिस नावाचे इंग्रजी लोकनृत्य करीत कापण्याचा पण जाहीर केला. पायांना घुंगरांचे पट्टे बांधून लंडनच्या मेयरच्या घरापासून तो निघाला तेव्हा त्याच्याबरोबर तीन माणसे होती: ताल धरणारा टॉमस स्लाय, एक चाकर, आणि केम्प कोठे नाचण्याऐवजी नुसताच चालत तर नाही ना हे पाहण्यासाठी नेमलेला एक पंच. पंच नेमण्याचे कारण उघड होते. या सफरीवर पैजा लागलेल्या होत्या, आणि परत आल्यावर तिपटीने वसूल करावयाचे या बोलीवर केम्पने स्वतःही पैसे लावलेले होते.

या सफरीची हकिकत त्याने 1600 मध्येच एका छोट्या पुस्तकात छापून काढली. तिच्यात इंग्लंडच्या त्या वेळच्या रस्त्यांचे जे दर्शन घडते ते एखाद्या सरकारी दप्तरातही घडणार नाही. रस्ता म्हणजे काय, तर चिखल आणि खड्डे. एके ठिकाणी रस्ताभर पसरलेला खड्डा केम्पने उडी मारून ओलांडण्याचा प्रयत्न केला, आणि त्याच्यामागून हौसेने आलेला तरुण चिखलात असा रुतला की त्याला बाहेर ओढून काढावे लागले. चेम्सफर्ड येथे चौदा वर्षांची एक मोलकरीण हट्टाने त्याच्याबरोबर तासभर नाचली. सडबरी येथे एक धिप्पाड खाटीक साथ द्यावयास पुढे आला आणि अर्ध्या मैलातच हाशहुश करीत थांबला. ते पाहून गर्दीतील एका खेडवळ मुलीने त्याला भित्रा म्हणून हिणविले, आणि स्वतः पदर खोचून पुढचा मैलभर केम्पच्या तालावर पाऊल टाकीत गेली. खाटकाचे नाव केम्पने लिहून ठेवले नाही, पण मुलीचे कौतुक मात्र मोठ्या आवडीने केले आहे, यात नटाची पारख दिसते. बेरी सेंट एडमंड्स येथे बर्फाने त्याला अनेक दिवस अडकवून ठेविले. नाचाचे दिवस अवघे नऊ, पण विश्रांती आणि खोळंबा धरून सफरीला जवळजवळ महिना लागला.

नॉर्विचच्या लोकांनी त्याचे जे स्वागत केले ते पाहिले म्हणजे 1572 चा कायदा याच देशातील काय, असा प्रश्न पडतो. मेयरने त्याला पाच पौंड बक्षीस दिले, शिवाय तहहयात दरसाल चाळीस शिलिंगांची नेमणूक करून दिली. आणि त्याचे नाचाचे जोडे नगरसभेच्या इमारतीत भिंतीवर टांगण्यात आले. स्वागताला शहराचे वेतनभोगी वादक हजर होते. ‘वेट्स’ या नावाने ओळखले जाणारे हे नगरवादक मूळचे रात्रीच्या पहाऱ्यावर वाद्य वाजवून वेळ सांगणारे चौकीदार. पुढे त्यांना शहराचा पोशाख, गळ्यात चांदीची साखळी आणि ठराविक पगार मिळू लागला. नॉर्विचचे वेट्स तर इतके निष्णात, की त्यांच्यातील कोणीही कोणत्याही कॅथीड्रलमध्ये गाण्यास पात्र ठरेल, अशा अर्थाची शिफारस केम्पने केली आहे. 1589 मध्ये ड्रेक पोर्तुगालवर चालून गेला तेव्हा त्याने हे वादक मागून घेतले, शहराने त्यांना नवी वाद्ये घेऊन दिली, आणि त्यांतील काही जण परतलेच नाहीत. असे वेट्स पुष्कळ शहरांत होते, आणि आपल्या शहराचा बिल्ला लावून ते शेजारच्या परगण्यांतूनही वाजवीत फिरत. चाबकाच्या आणि त्यांच्या पाठीच्या मध्ये तो बिल्ला होता. 1835 मध्ये नगरपालिकांची पुनर्रचना झाली तेव्हा ही संस्था खर्चाची बाब म्हणून मोडीत निघाली.

मधल्या काळाविषयी फार लिहिण्याची आवश्यकता नाही. क्रॉमवेलच्या अमलात खाणावळीत किंवा दारूच्या दुकानात सारंगी वाजविताना, किंवा वाजवू का असे नुसते विचारताना सापडणाराही बदमाश ठरू लागला. राजसत्ता परत आल्यावर तो कडकपणा ढिला पडला, पण 1744 च्या कायद्यातही मिन्स्ट्रेल यादीत कायम होतेच. 1824 मध्ये नेपोलियनविरुद्धच्या युद्धांतून मोकळे झालेले सैनिक आणि बेकार मजूर यांचा प्रश्न ऐरणीवर आला असता जो नवा कायदा झाला, त्यात वादकांचे नाव गळले. भीक मागणे आणि उघड्यावर किंवा कोणाच्या कोठारात झोपणे हे गुन्हे मात्र राहिले, आणि पायी फिरणाऱ्या गरीब वादकाला या दोहोंवाचून गत्यंतर नव्हते. या कायद्याचे वळण समुद्र ओलांडून आपल्याकडेही आले. 1959 च्या मुंबईच्या भिक्षाप्रतिबंधक कायद्याने भीक मागण्याची जी व्याख्या केली आहे, तीत गाणे, नाचणे, भविष्य सांगणे किंवा खेळ करणे यांच्या बहाण्याने सार्वजनिक जागी दान घेणे हेही स्पष्ट शब्दांत समाविष्ट आहे. ज्या प्रदेशात पहाटे टाळ-चिपळ्या घेऊन वासुदेव दारी येतो आणि त्याला सुपातून धान्य घालणे हे पुण्य समजतात, त्या प्रदेशाच्या विधिमंडळात ही व्याख्या मंजूर होताना कोणाला त्या वासुदेवाची आठवण झाली असेल काय, हे मला नेहमी जाणून घ्यावेसे वाटते.

कायद्यापेक्षाही पायी फिरणाऱ्या वादकाला अधिक नडली ती कुंपणे. गावाचे गायरान, पडीक माळ आणि सामाईक कुरण ही पार्लमेंटच्या एकेका ठरावाने खाजगी मालकीची होत गेली, आणि पिढ्यान्‌पिढ्यांच्या पायवाटा कुंपणाच्या आत गेल्या. या स्थित्यंतराचा साक्षीदार असा एक वादक सुदैवाने आपल्याला मिळाला आहे. तो म्हणजे त्या वेळच्या नॉर्थॅम्प्टनशायरमधील हेल्पस्टनचा शेतमजूर कवी जॉन क्लेअर. त्याचा जन्म 1793 चा. त्याच्या गावच्या कुंपणबंदीचा ठराव 1809 चा. क्लेअरला व्हायोलिन वाजविण्यास शिकविले ते माळावर उतरणाऱ्या जिप्सींनी. त्यांच्या पालांत बसून आणि इतरत्र ऐकून त्याने दोनशेहून अधिक चाली स्वतःच्या वह्यांत उतरवून ठेविल्या, आणि पुढे जो संग्रहाचा उद्योग विद्वानांनी मोठ्या समारंभाने केला त्याचा आरंभ अशा रीतीने एका मजुराच्या हातून, कोणाच्याही अनुदानावाचून, होऊन गेला. माळ गेला तेव्हा पालेही उठली. 1841 च्या जुलैत, एसेक्समधील वेड्यांच्या इस्पितळातून निघून क्लेअर चार दिवस पायी चालत, ऐंशी मैलांवरील घराकडे गेला. वाटेत खावयास काही नव्हते म्हणून त्याने रस्त्याकडेचे गवत खाल्ले, अशी त्याचीच नोंद आहे. इंग्लंडच्या रस्त्यांवरून चाललेल्या कलावंतांच्या साऱ्या प्रवासांत हा प्रवास मला सर्वांत दारुण वाटतो. यात वाद्य नाही, श्रोता नाही, केवळ रस्ता आहे.

याच सुमारास खेडोपाडी दुसऱ्या एका प्रकारचे वादक पायी फिरत होते, आणि त्यांना कोणी भटके म्हणण्याची छाती केली नसती, कारण ते गावच्याच चर्चचे वादक होते. चर्चच्या पश्चिमेकडील सज्जात बसून दोन व्हायोलिने, एखादी बासरी किंवा क्लॅरिनेट आणि एक बास व्हायोल यांच्या साथीने रविवारची स्तोत्रे वाजविणारे हे लोक म्हणजे आठवड्याचे सहा दिवस गवंडी, चांभार, गाडीवान किंवा माळी. नाताळच्या रात्री ते कंदील घेऊन निघत, आणि पॅरिशमधील एकही घर, मग ते दोन मैल आडबाजूला का असेना, न वगळता पहाटेपर्यंत दारोदार वाजवीत फिरत. डॉर्सेटमधील स्टिन्सफर्डच्या चर्चमध्ये कादंबरीकार थॉमस हार्डीच्या आजोबांनी असाच वृंद उभा केला होता, आणि त्याच्या वडिलांनीही त्यात व्हायोलिन वाजविले. हार्डीच्या जन्मानंतर थोड्याच काळात तो वृंद मोडला, पण घरात ऐकलेल्या कथांवरून त्याने 1872 मध्ये ‘अंडर द ग्रीनवुड ट्री’ ही कादंबरी लिहिली. स्वतः हार्डी लहानपणी वडिलांबरोबर खेड्यांतील नाचांच्या बैठकींत व्हायोलिन वाजविण्यास जात असे. ज्या तारांवर रविवारी स्तोत्र, त्याच तारांवर शनिवारी नाच, ही गोष्ट नव्या पाद्र्यांना खपेना. शिस्तबद्ध उपासनेचा आग्रह धरणाऱ्या त्या पिढीने सज्जे पाडले आणि वादकांच्या जागी एक पेटी आणून ठेविली, जी एकाच माणसाच्या, आणि तेही बहुधा पाद्र्याच्या आज्ञेतील माणसाच्या, स्वाधीन असे. आपल्याकडे मराठी संगीत रंगभूमीने पुढे मोठ्या प्रेमाने जवळ केलेली हार्मोनियम ती हीच. तिने महाराष्ट्रात गायक घडविले, आणि इंग्लंडच्या खेड्यांत वादक घरी बसविले.

पायी फिरणाऱ्याच्या वाद्याला एक अट असते, ती म्हणजे वजनाची, आणि इंग्रजी लोकसंगीतातील वाद्यांचा क्रम या अटीने पुष्कळसा ठरविला आहे. मॉरिस नृत्याचे सर्वांत जुने वाद्य म्हणजे एका हातात तीन छिद्रांची पावा-बासरी आणि दुसऱ्या हाताने वाजवावयाचा छोटा ढोल. एकच माणूस सूर आणि ताल दोन्ही सांभाळतो, त्यामुळे बिदागीचे वाटेकरीही कमी. नंतर व्हायोलिन आले. आणि एकोणिसाव्या शतकात व्हीटस्टन या शास्त्रज्ञाने कॉन्सर्टिना हे दोन्ही हातांत मावणारे, षट्कोनी, भात्याचे वाद्य प्रचारात आणले, जे पावसात भिजले तरी व्हायोलिनासारखे उतरत नाही. कॉट्सवोल्ड टेकड्यांच्या परिसरातील खेड्यांतून मॉरिसचे सहा-सहा नर्तकांचे मेळे, एक वादक आणि एक विदूषक बरोबर घेऊन, उन्हाळ्याच्या तोंडाशी येणाऱ्या व्हिटसन या ख्रिस्ती सणाच्या आठवड्यात गावोगाव पायी फिरत. विदूषकाचे काम हसविण्याचे आणि वर्गणीची पेटी फिरविण्याचे. ज्यांना वर्षभर शेतमजुरीचे शिलिंग मोजून मिळत त्यांना या एका आठवड्याची मिळकत मोलाची होती, आणि विद्वानांनी पुढे या नाचात प्राचीन यज्ञविधींचे अवशेष कितीही शोधले असले तरी नाचणाऱ्यांच्या मनात त्या पेटीचा हिशेब अधिक स्पष्ट असावा, असा माझा ग्रह आहे.

1899 च्या डिसेंबरची 26 तारीख या दृष्टीने फार महत्त्वाची ठरली. ऑक्सफर्डजवळच्या हेडिंग्टन येथे सासुरवाडीस आलेल्या सेसिल शार्प या संगीतशिक्षकाने खिडकीतून पाहिले, तो बाहेर बर्फात पांढरे कपडे आणि घुंगरांचे पट्टे बांधलेली काही माणसे रांगेत उभी राहून नाचू लागलेली होती, आणि विल्यम किम्बर नावाचा तरुण गवंडी कॉन्सर्टिना वाजवीत होता. हा नाच व्हिटसनचा. नाताळात तो अवेळी केल्याबद्दल त्यांनी क्षमाही मागितली. कारण विचारता असे कळले, की गोठणाऱ्या थंडीत बांधकाम बंद पडल्याने हाताला काम नव्हते, म्हणून ते नाचून चार पैसे मिळविण्यास निघाले होते. शार्पने दुसऱ्या दिवशी किम्बरला बोलावून पाच चाली लिहून घेतल्या, आणि इंग्लंडमधील लोकनृत्याच्या पुनरुज्जीवनाचा इतिहास येथून सुरू होतो असे सर्व पुस्तके सांगतात. ते बरोबरच आहे. पण ज्याला पुनरुज्जीवनाचा आरंभ म्हणतात तो प्रसंग त्या माणसांच्या बाजूने बेकारीचा एक दिवस होता, हे पुस्तकांत पुढील ओळीत यावे तितके येत नाही.

शार्पने 1903 मध्ये सॉमरसेटमधील हॅम्ब्रिज येथे एका माळ्याच्या तोंडून पहिले गीत ऐकले, आणि मग सायकलीवरून परगणे पालथे घालीत हजारो चाली जमविल्या. त्याच वर्षी एसेक्समध्ये संगीतकार व्हॉन विल्यम्सने, आणि दोन वर्षांनी लिंकनशायरमध्ये संगीतकार पर्सी ग्रेंजरने हाच उद्योग आरंभिला. ग्रेंजरने तर फोनोग्राफ नेऊन म्हाताऱ्यांचे आवाजच मेणाच्या नळकांड्यांवर उतरवून घेतले. संग्रह करणारे हिंडू लागले, गाणारे घरी बसून राहिले, अशी ही उलटापालट झाली. 1911 मध्ये शार्पने इंग्रजी लोकनृत्याची संस्था स्थापिली, परीक्षा आणि प्रमाणपत्रे सुरू झाली. आणि 1924 च्या जूनमध्ये केंब्रिजच्या काही तरुणांनी रॉल्फ गार्डिनर आणि आर्थर हेफर यांच्या पुढाकाराने ‘ट्रॅव्हलिंग मॉरिस’ नावाचा मेळा काढला. ज्या कॉट्सवोल्ड खेड्यांतून नाच उचलून आणले त्याच खेड्यांत ते परत नेऊन नाचावयाचे, असा त्यांचा संकल्प होता. ते पायी न जाता सायकलींवर गेले, पण गावोगाव मुक्काम करीत फिरण्याचा जुना शिरस्ता त्यांनी पाळला. काही गावांत जुने नर्तक अद्याप हयात होते, आणि विद्यापीठात शिकणारे तरुण आपली पावले टाकीत आहेत हे पाहून त्यांतील कित्येकांना हुरूप आला. शार्प याच महिन्यात वारला. गार्डिनरचे पुढे जर्मन युवक-चळवळीविषयीचे आकर्षण इतके वाढत गेले, की मातीच्या आणि रक्ताच्या गोष्टी बोलण्याच्या त्या काळातल्या रोगापासून तो अलिप्त राहिला नाही; लोकनृत्याचा इतिहास लिहिणाऱ्यांना हे प्रकरण नीट जुळवून घेणे अद्याप जड जाते.

चालण्याचा हक्क मागणारे लोक दुसऱ्याच थरातून आले. 1932 च्या 24 एप्रिलला मँचेस्टरच्या बाजूचे सुमारे चारशे गिरणी-कारखान्यांतील तरुण डर्बीशायरमधील किंडर स्काउट या, सरदारांच्या शिकारीसाठी राखलेल्या, पठारावर मुद्दाम घुसले. पाच जणांना दोन ते सहा महिन्यांची कैद झाली. या सत्याग्रहाच्या प्रसिद्धीचे काम सतरा वर्षांच्या जिमी मिलरकडे होते. पुढे युअन मॅकॉल हे नाव घेऊन इंग्लंडच्या लोकसंगीतात ज्याने मोठी क्रांती घडविली तो हाच, आणि त्याचे ‘मँचेस्टर रॅम्बलर’ हे पायी फिरण्यावरचे गीत याच प्रकरणातून जन्मले. 1949 च्या कायद्याने राष्ट्रीय उद्याने स्थापन झाली आणि पायवाटांची अधिकृत नोंद गावोगावी सक्तीची झाली. आज इंग्लंड व वेल्समध्ये नोंदलेल्या सार्वजनिक वाटा सुमारे 1,40,000 मैलांच्या आहेत. क्लेअरच्या काळी जी वाट कुंपणाने बंद केली ती सरकारी नकाशावर हिरव्या तुटक रेघेने परत आली, असे क्वचित कोठे कोठे म्हणता येईल.

या वाटांवरून आता वाद्ये घेऊन चालणारे लोकवृंद पुन्हा दिसतात. ऑयस्टरबँड या नामवंत वृंदाचे गायक जॉन जोन्स यांनी एकविसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात ‘रिलक्टंट रॅम्बलर्स’ नावाचा मेळ जमवून एका कार्यक्रमाच्या गावाहून दुसऱ्या गावास पायीच जाण्याचा उपक्रम आरंभिला, आणि श्रोत्यांनाही सोबत चालण्याचे आमंत्रण दिले. अशा सफरीत काय वाजवावयाचे हे खांद्यालाच विचारून ठरवावे लागते. व्हायोलिन, मेलोडियन आणि शिट्टीसारखी पत्र्याची बासरी चालते, मोठे बास वाद्य चालत नाही, आणि कंठाला तर वजनच नसते. संध्याकाळी ठिकाण येते ते बहुधा खेड्यातील पबचे.

या पबांच्या बाबतीत कायदा अगदी अलीकडेपर्यंत जागा होता. 1964 च्या परवाना-कायद्यान्वये दोन वादकांपर्यंत मुभा होती, तिसरा आला की मनोरंजनाचा वेगळा परवाना काढावा लागे. 2003 मध्ये ती मुभाही काढून घेण्यात आली, आणि कोपऱ्यात बसून व्हायोलिन वाजविणाऱ्या एकट्या म्हाताऱ्यासाठीही पबच्या मालकाला अर्जात खूण करावी लागू लागली. लोकसंगीताच्या मंडळींनी त्याविरुद्ध दीर्घ खटपट केली. 2012 च्या कायद्याने अखेर असे ठरले, की सकाळी आठपासून रात्री अकरापर्यंत ध्वनिवर्धकावाचून केलेल्या गायन-वादनाला परवान्याची जरूर नाही. चिखलाचे बूट दारात काढून आत आलेल्या वादकांनी आता फक्त पबच्या मालकाला विचारावयाचे असते.